सुमेधाची फल्लीदाण्याची बरणी

रांझीच्या कामगार वस्तीत कारखान्याचा पहिला भोंगा वाजतो तेव्हा सुमेधा गच्चीवर असते. हातात चमचा, चमच्यात फल्लीदाण्याचं, म्हणजे शेंगदाण्याचं, लोणी. थंडीत धुकं इतकं उतरतं की समोरच्या क्वार्टरची फक्त पाण्याची टाकी दिसते, तीही हवेत तरंगत असल्यासारखी. लोणी लगेच विरघळत नाही. टाळूला चिकटून राहतं, आणि ते सुटेपर्यंत बोलता येत नाही. दिवसातली एवढीच दहा मिनिटं तिला कोणी काही विचारत नाही.

बाकीचा दिवस प्रश्नांचाच. सुमेधा सव्वीस वर्षांची आहे. नेपियर टाउनमधल्या एका कोचिंग क्लासात केमिस्ट्री शिकवते. लोणी ती रविवारी स्वतः करते. दाणे मंद आचेवर भाजायचे, सालं पाखडायची, मिक्सर थांबत थांबत फिरवायचा. आधी कूट होतं, मग गोळा, आणि बऱ्याच वेळानं तो गोळा ढिला पडून वाहू लागतो. वर चिमूटभर मीठ.

गेल्या पावसाळ्यानंतर तिच्या गालांवर आणि हनुवटीवर पुटकुळ्या आल्या. एक बसली की दोन उठत. वर्गातल्या मुलींनी एकदा दीदी दीदी म्हणत तीन घरगुती लेप सुचवले. तेव्हापासून ती फळ्याकडे तोंड करून जास्त लिहू लागली.

घरी निदान आधीच झालं होतं. आई कलावतीच्या मते फल्लीदाणे गरम, आणि अंगातली गरमी तोंडावर वाट काढते. तिच्या माहेरी, वर्ध्याकडे, गरमावर थंड हाच उपाय. म्हणून चमच्यावर उतारा ग्लासाचा: बडीशेप आणि खडीसाखर भिजवलेलं पाणी. सकाळी एक, क्लासातून आल्यावर एक. पुटकुळ्या वाढल्या तशी खडीसाखरेची मूठही मोठी झाली. वडील अंबादास कारखान्यात फिटर. दोघीही आपापल्या औषधावर ठाम आहेत, एवढंच ते म्हणाले.

फेब्रुवारीत आईनं मुदत घातली. महिनाअखेरीपर्यंत चेहरा साफ झाला नाही तर बरणी कायमची बंद. आवाज चढवला नाही. बरणी ठेवायच्या कपाटाची किल्ली फक्त दाखवली.

सुमेधा क्लासाजवळच्या दवाखान्यात गेली. त्वचेच्या डॉक्टर विनता यांनी ती काय खाते, कधी खाते, सगळं विचारलं. दोन ग्लासांपाशी त्या थांबल्या. दाण्यांमुळेच मुरूम येतात असं ठामपणे सांगता येत नाही, एखाद्याला त्रास होतोही, पण गोडाचा संबंध जास्त दिसतो, असं त्या म्हणाल्या. मलम लिहून दिलं. सहा आठवडे गोड पाणी बंद, लोणी रोज एक चमचा चालू. दोन्ही एकदम सोडलं तर काय बाधलं ते कळायचं नाही.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली. दुकानं, स्कूटर, माणसं सगळी संथ पाण्याखालून जावीत तशी मागे जात होती. आईला सांगायचं वाक्य ती मनात जुळवत होती. ते जुळेना, आणि तिचा स्टॉप मागे गेला. ती चालत घरी आली. ग्लास ओट्यावर भरून ठेवलेला होता. तिनं डॉक्टरांचं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं.

कलावतीनं ग्लास उचलला. "मंग मी इतके महिने तुले काय पाजून राहिली होती?"

"मले तरी कुठं माहीत होतं, आई? अन् मी केमिस्ट्री शिकवून राहिली."

कलावतीनं पाणी ओतून दिलं नाही. स्वतःच प्यायली. मुदत सहा आठवड्यांवर गेली, किल्ली मात्र तिच्या कमरेलाच राहिली. रोज सकाळी ती गच्चीवर येई, मुलीची हनुवटी उजेडाकडे वळवी, पाही आणि खाली जाई.

सहाव्या आठवड्याच्या शेवटी गाल साफ होते. हनुवटीवर दोन पुटकुळ्या उरल्या होत्या. त्या सकाळी कलावतीनं त्यांच्यावरून अंगठा फिरवला आणि बरणी पुढे केली.

"ह्या दोन फल्लीच्याच आहेत," ती म्हणाली. "राहू दे. खाऊन घे."