शोभेच्या बाटल्या

भिंगारच्या बाजारात आमचं औषधांचं दुकान आहे. आजेसासऱ्यांनी काढलं, सासऱ्यांनी वाढवलं आणि आता मी चालवते. नवरा बँकेत रमला; सर्दीची गोळी कुठली आणि तापाची कुठली हे त्याला अजून सांगावं लागतं. घरात फार्मसी शिकलेली मी एकटीच, त्यामुळे परवाना माझ्या नावावर झाला.

सासऱ्यांना मी मामा म्हणते. काचबिंदूनं त्यांची नजर हळूहळू गेली. समोर माणूस आलं एवढं कळतं, पण पाकिटावरचं बारीक अक्षर कायमचं सुटलं. एके दिवशी त्यांनी आपणहून काउंटर सोडला. “माझ्या हातून कुणाला चुकीचं काही जायला नको,” एवढंच म्हणाले. पण घरी त्यांचा जीव रमेना. सकाळी अंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घालायचे आणि कुठेच न जाता बसून राहायचे. जेवण निम्म्यावर आलं. मला काळजी वाटायची आणि खरं सांगायचं तर रागही यायचा, कारण भांडणाऱ्या माणसाशी भांडता येतं, गप्प बसणाऱ्याचं काय करायचं?

म्हणून मी दुकानात दर्शनी भागात एक काचेचं कपाट करून घेतलं. माळ्यावर जुन्या काळच्या वस्तू धूळ खात पडल्या होत्या, त्या खाली काढल्या. पांढरा चिनी मातीचा खल, पितळेचा नाजूक तराजू, बुचं दाबून बसवायचं लोखंडी यंत्र, आणि आजेसासरे ज्यात औषधं बनवून ठेवत त्या काचेच्या बाटल्या. बाटल्यांवर त्यांच्याच हातची लेबलं होती. टाकानं लिहिलेलं, किंचित उजवीकडे झुकलेलं अक्षर. ‘खोकल्यासाठी. हलवून घेणे.’ कपाटाशेजारी मी मामांची खुर्ची टाकली आणि म्हटलं, “लोक विचारतील, त्यांना हे सगळं कोण सांगणार? मला तर निम्म्या वस्तूंची नावंही येत नाहीत.”

“म्हणजे म्युझियमचा पट्टेवाला केलंस मला,” मामा म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी माझ्याआधी तयार होऊन बसले होते.

आणि बैठक जमली की! एक निवृत्त सुभेदार रोज बीपीच्या गोळीचं निमित्त काढून यायचे. शाळेतून सुटलेली पोरं काचेला नाक लावायची. मामा त्यांना निळी बाटली हातात द्यायचे. तिच्या अंगावर उभ्या रेघा आहेत. विषारी औषध अशा बाटलीत ठेवायचे, म्हणजे अंधारातही बोटांना कळावं. मग कागदाचा चौकोन घेऊन, न बघता, चुटकीसरशी पूड बांधायची पुडी घडी करून दाखवायचे. घरी आले की दोन भाकरी खायचे. मी स्वतःवर जाम खूश होते.

त्याच खुशीत मी एक कारभार केला. लोक कपाटाचे फोटो काढायचे, आणि रिकाम्या बाटल्या फोटोत अगदीच मरगळलेल्या दिसायच्या. मी स्वयंपाकघरातला जिलबीचा लालसर रंग आणि सरबताचा हिरवा रंग पाण्यात कालवून बाटल्या भरल्या. उन्हाची तिरीप आली की कपाट नुसतं झळकायचं. मामांना सांगायचं काही कारण वाटलं नाही.

एका बाजारच्या दिवशी खेड्यावरची एक म्हातारी आली. चिठ्ठीतल्या गोळ्या घेतल्या आणि कपाटाकडे बोट करून म्हणाली, “त्या लाल बाटलीतलं औशिद बी द्या की थोडं. आमच्या मालकास्नी त्यानंच लई गुन यायचा.”

“ते औषध नाही, आजी. शोभेचं आहे.”

“आवं, वर लिवलेलं हाय न्हवं काईतरी?”

मी हसून तिची समजूत घातली. ती गेल्यावर मामांनी विचारलं, “कुठली लाल बाटली?” मी सांगितलं. जिलबीचा रंग वगैरे सगळं. ते “हं” म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी जेवायला घरी गेले. मामा म्हणाले, “शटर अर्धं ओढून घे, मी इथंच पडतो.” चार वाजता आले तर मागच्या नळाशी वर्तमानपत्रावर सगळ्या बाटल्या उपड्या घातलेल्या. लखलखीत. शेजारी बादलीत सोड्याचं पाणी आणि त्यात कागदाचा लगदा. एकाही बाटलीवर लेबल नव्हतं.

माझ्या डोक्यात सणकच गेली. “मामा, हे काय करून बसलात?”

“धुतल्या. वर नाव एक आणि आत भलतंच, अशी बाटली आपल्या दुकानात राहत नसते.”

“अहो, कोण पिणार होतं ते? आणि नुसतं पाणी ओतून द्यायचं! लेबलं कशाला काढायची? तुमच्या वडिलांचं अक्षर होतं ते. दुसरं कुठं आहे आपल्याकडे?”

“बाटली रिकामी झाली की लेबलासकट धुवायची. नाहीतर कुणीतरी तीत दुसरंच काही भरतं. मला त्यांनीच शिकवलं. अर्धवट धुतलेली त्यांनी पुन्हा धुवायला लावली असती.”

“हे दुकान नाही, मामा! हे कपाट आहे. नुसतं बघायचं!”

“मग मीही त्यातलाच का?” मामा म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. मग त्यांनी सांगितलं, “काढायच्या आधी लेबलावरून बराच वेळ बोट फिरवलं मी. अक्षर हाताला लागत नाही गं. शाई सपाट असते.”

लेबलं गेल्याचं मला आजही वाईट वाटतं आणि त्या बाबतीत मामांचं मला अजून पटलेलं नाही. पण तेव्हा मी पदर खोचला आणि गिऱ्हाईक बघायला पुढे गेले. संध्याकाळी सुभेदार आले, त्यांना काहीतरी बिनसल्याचं कळलं, गोळी घेऊन निघून गेले.

दुकान बंद करायच्या वेळी मी शटरला हात घातला आणि मागून मामांनी विचारलं, “उद्या येऊ ना मी?”

मला आधी कळेच ना. ज्यांनी काउंटर सोडेपर्यंत हे शटर दुसऱ्या कुणाला उघडू दिलं नाही, ते मला विचारत होते. “दुकान तुमचं आहे. मला काय विचारता?”

“परवाना तुझ्या नावावर आहे.”

टोमणा नव्हता त्यात. असता तर बरं झालं असतं, उलट दोन शब्द तरी बोलता आले असते. मला रडूच कोसळलं. मी शटर तसंच सोडलं, कपाटापाशी गेले, त्यांची खुर्ची उचलली आणि काउंटरच्या आतल्या अंगाला, मी उभी राहते तिथं आणून टेकवली. सलाइनचं खोकं सरकवावं लागलं, तरी ती धड बसेना.

“उद्यापासून इथं बसा,” मी म्हणाले. “देताना मी प्रत्येक औषधाचं नाव मोठ्यानं वाचीन. घ्यायचं कसं ते माणसाला तुम्ही समजावून सांगा. मी घाईत असते, माझं कुणी ऐकत नाही.”

मामांनी काउंटरच्या कडेवरून हात फिरवत जागा चाचपली, खुर्ची किती बाहेर येते तेही पाहिलं.

“अडचण होईल तुला,” ते म्हणाले.

“होऊ दे,” मी म्हणाले.