शेवटच्या ओळीत थांबणारं गाणं

लग्नसराईत आमच्या घरी बुंदी असायची आणि पीठ नसायचं. आण्णा, म्हणजे माझे वडील, बँडमध्ये गायचे. वरातीत माईक धरायचे आणि पंगती उठल्या की उरलंसुरलं फडक्यात बांधून आणायचे. पावसाळाभर बँड बंद. मग आई-आण्णा दोघंही श्रीगोंद्याकडं मिळेल त्या मळ्यात खुरपायला. शाळेत मला ‘बँडवाल्याची’ म्हणत. पुढं मी बी.ए. झाले, आमच्या घराण्यात पहिली. हे मी आजही कुणी न विचारता सांगते.

सुप्याला कारखान्यात लागले. दिवसभर उभं राहून पार्ट तपासायचे आणि येता-जाता बसमध्ये गाणी लिहायची. कलापथकांना दिलेली गाणी ऐकून पुण्याच्या एका दिग्दर्शकानं बोलावलं. सिनेमा विनोदी होता. गावात गाण्याची स्पर्धा, सहा स्पर्धक, प्रत्येकाला एक नवंकोरं गाणं. पाच गाणी पास झाली. सहावा स्पर्धक बँडवाला होता, स्पर्धा हरणारा. तिथं अडलं.

“लोक त्याला हसले पाहिजेत,” दिग्दर्शक म्हणायचे. लिहून नेलं की, “अजून हसवा.”

हसवता मला येत होतं. पण ज्याला हसायचं, त्याच्या फडक्यातली बुंदी खाऊन मी वाढले होते. पाय सुजलेले, डोकं बधिर. शेवटी ते म्हणाले, “जमत नसेल तर सांगा. दुसरा गीतकार बघतो.” म्हणजे पडद्यावर नाव त्याचं. मी थकले आणि त्यांना हवं तसं लिहून दिलं:

सारं वऱ्हाड जेवून उठलं, उरली एकच पुरी,
तिच्यावर डोळा ठेवून बसलाय बँडवाला दारी.

रेकॉर्डिंगला गायकाच्या गळ्यात वरातीचा आवाज काही येईना. संगीतकारानं विचारलं, “चाल दाखवायला खरा बँडवाला मिळेल का कुणी?” मी गप्प बसले असते तरी चाललं असतं. पण तोंडातून गेलं, “माझे वडील आहेत.”

आण्णा इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. वाटेत मी बजावलं, “तिथं जास्त बोलू नका हां.”

“मी गायला चाललोय का कीर्तनाला?”

काचेपलीकडं कागद हातात घेऊन ते उभे राहिले. आवाज फाटलेला, पण वरात डोळ्यांपुढं उभी करणारा. पहिली ओळ झाली. दुसरी ‘बसलाय’पर्यंत आली आणि आण्णा थांबले. वाद्यं पुढं गेली, मग तीही थांबली.

“काय झालं, काका?” दिग्दर्शकांनी विचारलं.

“नाव सांगा की. कुणाचं घेऊ?”

वरातीत हीच रीत. शेवटच्या ओळीत नावाआधी गाणारा थांबतो. वऱ्हाडातलं कुणीतरी नोट ओवाळतं आणि ज्याची खोड काढायची त्याचं नाव कानात सांगतं. मग ते गाण्यात बसतं. इथं कुणाला काहीच कळेना. आण्णांनीच रीत सांगितली, तेव्हा संगीतकार म्हणाला, “दिग्दर्शकांचं घ्या, काका. सकाळी शेवटचा वडा त्यांनीच उचललाय.”

आण्णांनी क्षणाचाही वेळ घेतला नाही. “...बसलाय शिणिमावाला दारी!”

अख्खी खोली हसली. दिग्दर्शक तर खुर्चीतून उठून हसले. “हेच ठेवा,” म्हणाले, “स्पर्धेत तो थांबेल आणि परीक्षकाचं नाव घेईल. आणि गाणार काकाच.”

परतीच्या बसमध्ये मी म्हटलं, “आण्णा, पुढचा शब्द कागदावर होता.”

“दिसला हुता,” आण्णा खिडकीबाहेर बघत म्हणाले. “पर सवय हाय ना.”

मला मान वर करवेना. ते मात्र सुप्याच्या अलीकडंच झोपले.

सिनेमा नगरला आठवडाभर चालला. मी रजा काढून आई-आण्णांना घेऊन गेले. पडद्यावर गीतकार म्हणून माझं नाव आलं, आणि गायकांच्या नावांत आण्णांचं.