काट्याच्या पूजेचं पाणी

स्वरदा हल्ली कशाचीच तक्रार करत नव्हती, आणि तिच्या आईच्या, उत्तराबाईंच्या मनातून तीच काळजी जात नव्हती. शाळेत असताना खिचडीत सापडलेले खडे ताटलीसकट हेडमास्तरांच्या टेबलावर ठेवणारी पोरगी आता फोनवर "जेवले, बरं आहे" एवढंच बोलायची.

स्वरदा शेतकी पदवीधर. परभणीजवळ दिनकररावांच्या सोयाबीन खरेदी केंद्रावर ओलावा तपासायची नोकरी तिला लागली होती. ओलावा बारा टक्क्यांपर्यंत चालतो. त्यावर गेला की भाव पडतो. दिनकरराव मोठे भाविक. रोज सकाळी बादल्या ओतून फरशी धुवायची, वजनकाट्याला हळदीकुंकू, झेंडूचा हार, मग टाळ्या वाजवत आरती. फरशी सुकायच्या आत पोती तिच्यावर उतरवायची, दुपारपर्यंत ताटकळत ठेवायची आणि नमुन्याची नळी नेमकी पोत्याच्या बुडाशी खुपसायची. देवाच्या नावानं ओतलेलं पाणी असं शेतकऱ्याच्या मालात मुरायचं.

पहिल्याच आठवड्यात स्वरदानं नळी पोत्याच्या मधोमध घातली. अकरा आलं, तिनं अकरा लिहिलं.

"मॅडम, पगार आमचा घ्यायलात अन् वकिली त्यांची करायलात व्हय?" दिनकरराव सगळ्यांदेखत हसत म्हणाले.

त्या संध्याकाळी तिनं पाथरीला आईला फोन केला. "आई, बाजार समितीकडे लेखी तक्रार देऊ?"

उत्तराबाई घाबरल्या. एवढ्या खटपटीनं लागलेली नोकरी! "तुझ्या पोटापाण्याचं बघ. काय बोलायचं ते घरी येऊन बोल, तिथं तोंड उघडू नकोस."

पोरीनं ऐकलं. नको इतकं ऐकलं.

काल तिनं सपाट आवाजात सांगितलं, "पेडगावच्या चतुराबाई आल्या होत्या. म्हणाल्या, 'पोरी, लय कडक वाळवलंय गं मी, दातानं फोडून बघ की. चौदा कुठून आलं?' मी म्हटलं, मशीन सांगतंय." मग म्हणाली, "त्या मलाच 'सुखी राहा' म्हणून गेल्या."

त्यानंतर उत्तराबाईंना आमोस आठवत राहिला. कॉलेजात असताना त्या मिशनच्या वसतिगृहात राहायच्या. तिथल्या बाई संध्याकाळी बायबलातल्या, देवाचा निरोप सांगणाऱ्या संदेष्ट्यांच्या गोष्टी सांगत. आमोस मेंढरं आणि उंबराची झाडं राखणारा. माप लहान करून भुसा विकणाऱ्या, आणि वर थाटात सण करणाऱ्या लोकांना तो भर गावात म्हणाला, देवाला तुमच्या सणांचा वीट आलाय. हीच गोष्ट उत्तराबाई लहान स्वरदाला झोपताना सांगत.

"मग त्याला मारलं का गं?" ती विचारायची.

"नाही. राजाच्या देवळाचा पुजारी म्हणाला, आपल्या गावी जा, तिथं भाकर खा, तिथं बोल. इथं बोलू नकोस."

"मग तो गप्प बसला?"

"नाही बसला."

गोष्ट आमोसाची सांगितली आणि वेळ आली तेव्हा त्या पुजाऱ्याचं बोलल्या, जवळजवळ शब्दाला शब्द. पुजाऱ्याला निदान राजाची भीती होती. आपल्याला कुणाची होती? लोक म्हणतील पोरगी नोकरीत टिकली नाही, एवढीच.

सकाळचे साडेआठ वाजले होते. आता तिकडे फरशीवर पाणी पडत असेल. शाळेत शिकवायला निघालेल्या उत्तराबाईंनी पिशवी खाली ठेवली. नोकरी जाईल, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. पण पहिलं पोतं उतरायच्या आत स्वरदाला सांगायला हवं होतं, की नळी मधोमध घाल, आणि मी तुला चुकीचं शिकवलं. त्यांनी फोन हातात घेतला.