पंगत अजून उठली नाही

मुखरूभाऊ खानावळीत शिरले की चुलीकडे ढुंकूनही बघत नसत. भात कोणत्या धानाचा, वरण कशाचं, भांडी घासलेली की नुसती विसळलेली, यातलं काही विचारायचे नाहीत. जिथं सगळ्यांची पंगत बसायची त्या जागेत जाऊन खांद्यावरच्या पिशवीतून पळसाची एक पत्रावळ काढायचे, जमिनीवर मांडायचे, तिच्यावर गरम भात वाढून घ्यायचे आणि समोर मांडी घालून बसायचे. जेवायचे नाहीत, नुसते बसायचे. बाहेर गावची मंडळी भुकेनं कळवळत ताटकळलेली, आणि आत हे डोळे मिटून. थोड्या वेळानं दारात येऊन ते “भूक वाढली” म्हणाले, की आम्ही आत घुसायचो.

आमचा भाग मध्यप्रदेशात होता आणि जिल्ह्याला सगळे चांदा म्हणायचे, तेव्हाची ही गोष्ट. आमचं गाव पोंभुर्ण्यापासून आत, जंगलाला खेटून. गावातून वऱ्हाड निघो, जत्रेला मंडळी निघोत, की कोणाच्या खटल्यात साक्ष द्यायला अर्धं गाव चांद्याला जावो, मुखरूभाऊ बरोबर असायचेच. वाटेत सगळ्यांनी जेवायचं कुठं, ते त्यांनी ठरवायचं. आदल्या संध्याकाळपासून ते त्यासाठी उपास धरायचे.

हे काम त्यांच्याकडे कधी आणि कसं आलं, ठाऊक नाही. एरवी ते आमच्या शेजारचे साधे गृहस्थ. दोन बांध्यांत धान पिकवायचे आणि उरलेलं वर्ष पळसाची पानं आणून पत्रावळी लावायचे. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही. ठेंगणी मूर्ती, गुळगुळीत टक्कल. जेवून हात धुतले की ओले हात पंच्याला न पुसता टकलावर पुसायचे. मी हसलो की म्हणायचे, “डोकं काऊन उपाशी ठेवावं गा? त्यालेबी काही भेटू दे.”

मी तेव्हा नुकताच शाळेत मास्तर झालो होतो, आणि नव्या मास्तराला जेवढी अक्कल असते तेवढी मला होती. त्यातून मला भूक सहन होत नाही, आजही होत नाही. एकदा मार्कंड्याच्या जत्रेला जाताना चामोर्शीत एक नवं हॉटेल दिसलं. आरसे, बाकडी, भिंतीवर देवांच्या तसबिरी. मी तर मनानं आत जाऊन बसलोही होतो. मुखरूभाऊ बाहेर आले आणि म्हणाले, “भूक होती तेवढीच हाये. दुसरीकडं पाहू.” मग त्यांनी आम्हाला एका म्हातारीच्या बांबूच्या तट्ट्यांच्या छपरीत नेलं. तिथं आम्ही एवढं जेवलो की म्हातारीला दुसऱ्यांदा भात टाकावा लागला. पण माझा राग गेला नव्हता.

“मुखरूभाऊ, भूक पोटात असते. जागेत नसते,” मी रस्त्यानं त्यांना डिवचलं.

“अन्न कुठीबी शिजते, बापू. जागेनं जेवू द्याले पायजे.”

“आणि नाही जेवू दिलं तर?”

ते चालता चालता थांबले. “तं भूक मरते. एकाएकी. मंग समजाचं का तिथी अगोदरच कोणी उपाशी बसून हाये.” मी हसलो. ते हसले नाहीत. “उपाशी माणसासमोर पंगत बसवू नाई. आन् बसवलीच, तं त्याचं झाल्याशिवाय उठवू नाई.”

शेवटच्या माणसाचं जेवण होईपर्यंत पंगतीतून कोणी उठायचं नाही, हा नियम आमच्याकडे सगळेच पाळतात. मुखरूभाऊ मात्र त्यासाठी भांडायचे. एखादा बोळका म्हातारा चघळत बसला असेल, तर त्याला सोबत म्हणून स्वतः एकेक शीत तोंडात टाकत राहायचे. कोणी नुसता गुडघा हलवला तरी डाफरायचे, “पंगत अजून उठली नाई!”

माझं लग्न वैशाखात ठरलं. मुलीचं गाव ब्रह्मपुरीच्या पुढं, वैनगंगेपलीकडे. मुहूर्त गोरजाचा. आम्ही भाड्याची मोटार केली होती, आणि नदीच्या वाळूत मुलीकडच्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, आमची वाट बघत उभ्या राहणार होत्या. अंतरपाट मुखरूभाऊंनी धरायचा, हे बाबांनी साखरपुड्यातच जाहीर केलं होतं. भाऊंनी त्यासाठी नवा फेटा घेतला होता. सिंदेवाहीजवळ मोटार बिघडली आणि ब्रह्मपुरीत पोचेपर्यंत दुपार टळायला आली. लग्नसराई असल्यामुळे ज्या खानावळीत जावं तिथं दुसरं वऱ्हाड जेवत होतं. शेवटी बाजाराच्या टोकाला सखूबाई नावाच्या विधवा बाईची खानावळ सापडली. मागं लांबलचक दालन, आणि ते अख्खं रिकामं. अशा दिवसांत ते रिकामं का, हे आम्हाला विचारावंसंही वाटलं नाही.

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. समोरच्या कडुनिंबावर कावळे चोची उघड्या टाकून बसले होते, पण एकही ओरडत नव्हता. मुखरूभाऊ पत्रावळ घेऊन दालनात गेले. मी मामाबरोबर दारात उभा होतो. हळद लागलेल्या नवरदेवाला एकटं सोडत नाहीत, आणि पंगतीत पहिला घास त्यानंच घ्यायचा असतो. भुकेनं माझ्या डोळ्यांपुढं काजवे चमकत होते. एक पाय उंबऱ्याच्या आत टाकला आणि भूक गेली. पोट भरल्यासारखं वाटलं असं नाही. पोटच नसल्यासारखं वाटलं. आत गारवा होता, पुष्कळ दिवस बंद असलेल्या खोलीत असतो तसला. मी पाय मागं घेतला. भूक परत आली.

मुखरूभाऊ बाहेर आले तेव्हा त्यांच्या टकलावर घामाचे थेंब उभे होते.

“भूक मेली,” ते म्हणाले.

हे शब्द त्यांच्या तोंडून आमच्यापैकी कोणी कधी ऐकले नव्हते. बाबा तापट. त्यात मुहूर्ताची काळजी. त्यांचा भडकाच उडाला.

“मुखरू, हे येळ हाये का तुह्या नाटकाची? लेकरं सकाळपासून उपाशी हायेत!”

“तिथी कोणी बसून हाये, दादा. लय दिवसापासून.”

“एवढं वऱ्हाड उपाशी मरून राह्यलं आन् तू मले एकाचं सांगून राह्यला? बस म्हणा त्यालेबी पंगतीत!”

बाबा रागाच्या भरात बोलून गेले. मुखरूभाऊंनी मात्र ते शब्द धरून ठेवले. ओसरीवर माझ्या चुलतबहिणीची छोटी पोरगी डोक्यावर ओला फडका घेऊन पडली होती, तिच्याकडे ते बघत राहिले. मग म्हणाले, “ठीक हाये. मंग त्याचं पान पयले.”

दालनाच्या पार टोकाच्या कोपऱ्यात त्यांनी एक पत्रावळ मांडली, तिच्या समोर स्वतःची. मला दुसऱ्या टोकाला, दाराजवळ बसवलं. सखूबाईला म्हणाले, “बाई, पयले तिथी वाढ.” ती भाताचं भांडं घेऊन सरळ तिकडे गेली. कोपऱ्यातल्या पानावर तिनं भात वाढला, त्यावर लाखोळीच्या डाळीचं वरण घातलं, आणि त्याच क्षणी माझी भूक उसळून परत आली. ओळीनं बसलेली सगळी माणसं एकदम हलली. गारवा गेला, घाम फुटला, कोणीतरी हसलं. मी पहिला घास घेतला आणि वऱ्हाड अन्नावर तुटून पडलं.

कोपऱ्याकडे कोणी बघत नव्हतं. मला राहवलं नाही. सगळ्यांच्या पानांवरून वाफा निघत होत्या, त्या एका पानावरून नाही. मुखरूभाऊ एकेक शीत तोंडात टाकत होते आणि समोर बघून हळूहळू बोलत होते, “सावकाश. घाई नाई. सावकाश.”

जेवणं झाली. बाहेर ड्रायव्हर भोंगा वाजवू लागला. दोनचार जण उठायला लागले, तसे मुखरूभाऊ कडाडले, “पंगत अजून उठली नाई!” सगळे होते तिथं बसले. ऊन ओसरत होतं. वाळूत बंड्या थांबलेल्या होत्या, पलीकडे मांडवात मुलगी हळद लावून बसली होती. कोपऱ्यातल्या पानावरचा भात होता तसाच. बाबा त्यांच्याजवळ गेले आणि, मी हे कधी पाहिलं नव्हतं, त्यांनी हात जोडले.

“मुखरू, पोराचा मुहूर्त टळते गा.”

“तुम्ही जा, दादा. मी बसून हाये तोवर पंगत उठली नाई. त्याचं झालं का मी येतो.”

“आन् अंतरपाट?”

“दुसरा कोणी धरन.”

ते माझ्याकडे बघून हसले. तेव्हा मला दिसलं, मुखरूभाऊ घाबरले होते, आमच्यापैकी सगळ्यात जास्त घाबरले होते, आणि तरी बसले होते. त्यांना तिथं सोडून जायचं माझ्या जिवावर आलं होतं, पण गेलो. दारातून वळून बघितलं तर त्या लांबलचक दालनात समोरासमोर दोन पानं, आणि नवा फेटा मांडीवर ठेवून बसलेले मुखरूभाऊ.

लग्न वेळेवर लागलं. अंतरपाट मामानं धरला.

परतताना मोटार ब्रह्मपुरीत थांबवून बाबा आणि मी सखूबाईकडे गेलो. दालन झाडून ठेवलेलं होतं.

“आमचा माणूस कुठं आहे, बाई?”

“ते तं त्याच दिवशी दिवेलागणीले गेले. दोघंबी.”

“दोघं?” बाबा म्हणाले.

“ते टकले भाऊ आन् तो वाळका म्हातारा. मोरीपाशी एकामेकाच्या हातावर पाणी घातलं न् गेले. पहिले मले वाटलं, तुमच्याच वऱ्हाडातला हाये.” तिनं दालनाच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. “माह्या सासऱ्याच्या वेळची गोष्ट हाये, दादा. अशीच लग्नाची पंगत होती. एक वाटसरू येऊन कोपऱ्यात बसला. जंगलातून चालत आला होता, लय दिवसाचा उपाशी. त्याले वाढाचं राहून गेलं. पंगत उठली. तो तिथीच बसला.”

“मग?”

“मंग तो उठलाच नाई. तवापासून त्या खोलीत कोणाच्याच घशाखाली घास उतरे ना. आज सकाळी मी तिथी बसून पोटभर जेवली.”

ही गोष्ट बाबांनी आणि मी घरात कोणालाच सांगितली नाही. माझ्या बायकोलाही नाही, ती तर तेव्हा बाहेर मोटारीत बसली होती.

गावात पोचलो तेव्हा मुखरूभाऊ आपल्या ओट्यावर पत्रावळी लावत बसले होते. बाबांनी धावत जाऊन त्यांना मिठी मारली. तो कोण होता, कुठवर सोबत आला, असं मी नंतर एकदा विचारलं. ते म्हणाले, “जेवलेल्या माणसाचं नाव इचारू नाई, बापू.” पण त्या दिवसापासून त्यांनी जागा निवडणं सोडलं. भूक पूर्वीसारखी राहिली नाही, म्हणायचे. गावची मंडळी मग वाटेत कुठंही जेवू लागली आणि पोटं बिघडवून घेऊ लागली. मुखरूभाऊ ओट्यावर बसून पानं जोडत राहायचे. एकदा मला जवळ बोलावून म्हणाले, “मले एकच भेव हाये. माह्या तेरवीची पंगत घाईनं उठवू नोका. एवढं पाहशीन?” मी हो म्हणालो.

काही वर्षांनी, मोहफुलं वेचायच्या दिवसांत, ते झोपेतच गेले. तेरवी आम्ही आमच्या अंगणात केली. पत्रावळी त्यांनीच लावून ठेवलेल्या. मी त्यांच्या नावाचं एक पान मांडून भात-वरण वाढलं आणि समोर बसलो. बसताक्षणी माझी भूक गेली. पोटच नसल्यासारखं वाटलं. मी ते ओळखलं, ब्रह्मपुरीच्या दालनातलं.

पंगत अर्ध्यावर आली असेल, तेवढ्यात आभाळ काळं झालं आणि वावटळ सुटली. धूळ, मग गारा. लोक पानं टाकून पळाले. मी ओरडलो, “पंगत अजून उठली नाही!” पण ऐकणार कोण? माझी पत्रावळ उडून गेली. त्यांच्या पानावर मी दोन्ही हात आडवे धरले. गारा पाठीवर बसत होत्या. मोठ्यानं म्हणत राहिलो, “सावकाश, मुखरूभाऊ. घाई नाही. मी बसलो आहे.” लोकांनी ओसरीवरून बघितलं असेल आणि मास्तराचं डोकं फिरलं म्हटलं असेल. म्हणू देत.

गारा थांबल्या. लोक आपापल्या घरी गेले. दिवेलागण झाली तरी मी बसून होतो. बायको कंदील घेऊन अंगणात आली.

“अवो, उठा आता. केवढे भिजले! पाहुणेबी जेवून गेले, आन् तुम्ही बसूनच हायेत.”

“कोण पाहुणे?”

“ते दोघं म्हातारे. आत्ताच रांजणापाशी एकामेकाच्या हातावर पाणी घालून राह्यले होते. पाठमोरे होते, मले वळखू नाई आले. एकानं तं ओले हात टकल्यावर पुसले. मले हासूच आलं.”

मी पानावरचा भात चाचपून बघितला. गार होता, कालचा असावा तसा. मग एकाएकी मला सडकून भूक लागली, आणि इतका वेळ अडवलेलं रडू फुटलं.

“वाढ मला,” मी म्हणालो.

तिनं आतून पत्रावळ आणून वाढलं, आणि माझं जेवण होईपर्यंत समोर बसून राहिली.