हत्तीचा एक डोळा

लोकरीचं खेळणं विणून झालं की काम संपलं, असं मी मानत नाही. खरी परीक्षा जोडणीत असते. कान, सोंड, पाय वेगवेगळे विणायचे आणि प्रत्येकाला शेवटी वीतभर धागा राखायचा. टाचण्यांनी ते धडाला लावून दुरून बघायचं, सरळ दिसले तर त्याच धाग्याने गोल शिवून टाकायचं. गाठ बाहेर ठेवायची नाही. सुई पोटातून आरपार नेऊन धाग्याचं टोक आत लपवायचं. मग कान धरून जोरात ओढायचं.

आमच्या पुरानी बस्तीच्या घरात मी विणते आणि माझी धाकटी जाऊ जोडते. तिने जोडलेलं मी ओढून बघते, त्याचा तिला राग येतो.

"भरोसा नाही काय तुमचा माझ्यावर?"

"नाही," मी सांगते.

नातवाच्या उष्टावणासाठी आम्ही राखाडी हत्ती केला. डोळे प्लॅस्टिकचे, काळे, सदर बाजारातून आणलेले. डोळ्याचा दांडा लोकरीतून आत घालायचा आणि मागून त्यावर वॉशर दाबायचा. एकदा बसला की तो निघत नाही. डोळे बसवणं, कापूस भरणं आणि पोट शिवणं जावेकडे होतं.

उष्टावणानंतरच्या रविवारी आम्ही दोघी तेलीबांध्याला मुलाच्या फ्लॅटवर गेलो. मुलगा बाहेरगावी होता. नातू सतरंजीवर पालथा पडून हत्तीची सोंड चघळत होता. हत्तीला एकच डोळा होता.

मी आधी नातवाच्या तोंडात बोट फिरवलं. काही नव्हतं. तो किंचाळून रडला. मग मी सतरंजी झटकली, सोफ्याखाली झाडू घातला. डोळा कुठेच नाही.

"कधीपासून नाही हा डोळा?" मी सुनेला विचारलं.

ती मराठी घरातलीच आहे, पण इकडे हिंदी मुलखात वाढलेली, उत्तर हिंदीत देते. "गिर गया होगा कहीं, आई," म्हणाली आणि भेंडी चिरत राहिली.

मी जावेकडे वळले. "वॉशर नीट दाबला होतास का?"

"दाबला म्हणजे? अंगठा दुखला माझा दोन दिवस!"

"मग निघाला कसा?"

"मले काहून विचारून राहिल्या? तुम्हीच तर ओढून पाहिला होता ना. पूर्ण गल्लीसमोर!"

ते खरं होतं, पण ऐकत बसायला वेळ नव्हता. मी पायात चपला घातल्या. "बाळाला घे," सुनेला म्हटलं, "डॉक्टरकडे जायचं. एक्सरे काढू."

"नहीं आई, उसने निगला नहीं है."

"तुला कसं माहीत?"

तिने पुढची भेंडी उचलली. मला तिथेच खटकलं. नातू दोनदा शिंकला तरी ही मला फोन करते. आज डोळा हरवलाय आणि ही भेंडी चिरते?

तेवढ्यात जाऊ हत्ती घेऊन खिडकीशी गेली होती. "ताई, पाहा इकडे. ही शिवण माझी नाही."

अंग झटकायला बोलते आहे, असं मला वाटलं. चष्मा लावून पाहिलं. पोटावरचे टाके लोकरीचे नव्हते, साध्या शिलाईच्या दोऱ्याचे होते, आणि शेवटी चांगली ठसठशीत गाठ बाहेर. आमच्या दोघींपैकी कोणी झोपेतही अशी गाठ मारणार नाही. मी कात्री मागितली आणि पोट उसवलं. कापूस बाजूला केला. एका डोळ्याचा वॉशर नव्हताच. दुसऱ्याचा जागेवर होता, पण कडेने पक्कडीने चावल्यासारखा.

डोळा पडला नव्हता. कोणीतरी काढला होता.

मी सुनेसमोर हत्ती धरला.

"मैंने निकाला," ती म्हणाली. "छोटे बच्चे को ऐसी आँख नहीं देते. आपको बुरा लगता, इसलिए नहीं बताया. दूसरी निकली ही नहीं, और इतने में बाबू उठ गया."

"निकली नाही म्हणते!" जाऊ ताठ झाली. "ऐकलं ना, ताई?"

"डोळा दाखव," मी सुनेला म्हटलं.

"आई, सच में..."

"दाखव आधी."

तिने कपाटातून पिनांची डबी आणली. त्यात काळा डोळा होता, दांडा तुटलेला. मी तो हत्तीच्या दुसऱ्या डोळ्याशी लावून पाहिला. सारखाच. तेव्हा कुठे मी चपला काढल्या.

"पक्के बसवले होते," मी म्हणाले.

"होंगे. पर मैं कैसे मान लूँ?"

मी तरी कुठे मानते? मानत असते तर मी जावेची खेळणी ओढली नसती.

दुसरा डोळा काढायला लोकरच कापावी लागली. भोकं रफू केली आणि माझ्या पिशवीतल्या काळ्या लोकरीने त्यावर डोळे भरले. पोट जावेने शिवलं, धागा आत लपवला आणि हत्ती माझ्या हातात आदळला. "आता तरी मले काही म्हणाल?"

"सोंड वाकडी आहे. ती तुझीच."

मी ओढून पाहणार, तोच सुनेने हत्ती घेतला. डोळ्याचा एकेक टाका नखाने उचकून पाहिला. कान ओढले, सोंड ओढली, पोटाची शिवण दोन्ही अंगठ्यांनी ताणली. आमच्यासमोर, जराही न संकोचता. मग हत्ती बाळाला दिला.

त्याने डोळाच तोंडात घातला. आम्ही तिघी पुढे वाकून बघत राहिलो.