मुक्ताचं बुडापेस्टचं तिकीट

मैत्रिणींनो, आपल्या शाळेच्या ग्रुपवर माझी लेक मुक्ता नाही, म्हणून इथेच लिहिते.

आज दुपारी ह्यांचे रिपोर्ट घेतले. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "मुलीला लवकर बोलावून घ्या. दिवाळीच्या पुढचं मी सांगू शकत नाही." ह्यांनी दारातून ते ऐकलंच.

हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये गाडीत बसतोय तोच म्युनिकहून तिचा व्हिडिओ कॉल.

"बाबा, ख्रिसमसच्या सुट्टीत बुडापेस्ट! पहाटेचं विमान एकदम स्वस्त मिळतंय. फक्त मग डिसेंबरमध्ये नाशिकला येणं जमणार नाही. मार्चमध्ये येऊ?"

हे हसले. "ये की. मी कुठे पळून चाललोय?"

"मागे अँब्युलन्स का वाजतेय?"

"अगं, मुंबई नाक्याचा चौक आहे हा. इथे काय वाजत नाही!"

मी फोन घ्यायला हात पुढे केला. ह्यांनी माझ्याकडे न बघताच तो घट्ट दाबून धरला.

"मग काढू ना तिकीट? रद्द केलं तर पैसे परत नाहीत हं."

"काढ. फोटो पाठव भरपूर."

घरी जिना चढताना हे मध्येच थांबले. चपलेत खडा गेलाय म्हणाले. खडा काही काढला नाही, नुसते कठड्याला धरून उभे राहिले.

"तिला सांगायचं नाही," एवढं बजावून आता पडलेत.

कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर्सनी आपल्याला खोटं बोलू नये हे शिकवलं. गप्प राहण्याबद्दल मात्र काहीच सांगितलं नाही.

मुक्ता आता ऑफिसमधून सुटेल. माझ्या जागी तुम्ही असतात, तर तिला फोन लावला असतात का?