पडद्यावरची रिकामी गादी

नाहूरच्या शाळेत मी तिसरीला शिकवत होते, तेव्हाची गोष्ट. वर्गातली एक मुलगी चाळीच्या जिन्यावरून पडली आणि मांडीपर्यंत प्लास्टर घालून दोन महिने घरी बसली. नुकती कुठे वाचायला रुळत होती. आता पुन्हा जोडाक्षरांपाशी अडणार, असं मला वाटलं. तिच्या आईला म्हटलं, "आपण शाळा घरीच आणू. धडे मी रेकॉर्ड करून पाठवते, तिला जमेल तेव्हा ऐकू दे. दुपारी एक तास ती फोनवरून वर्गात बसेल."

घरी जाऊन फोन मीच स्टुलावर नीट टेकवून दिला. वर्गातल्या टीव्हीवर ती गादीवर बसलेली दिसायची, मुलं तिला हात करायची. रेकॉर्ड केलेला धडा थांबवून, मागे नेऊन, ती तीनतीनदा ऐकायची. वर्गात मी तिच्यासाठी एवढ्यांदा थांबले नसते. पंधरा दिवसांत ती सलग वाचायला लागली आणि मी स्वतःवर खूश होते.

एका मंगळवारी भागाकार चालला होता. मधेच ती म्हणाली, "बाई, कायतरी जळतंय."

"आईला सांग."

"आई कामावर गेलीय."

"मग घरात कोण आहे?"

"कोण नाय. बाहेरून कुलूप आहे."

तिच्या मागे ओट्याच्या बाजूला पांढुरकं दिसत होतं. मला वाटलं, कॅमेराच धुरकटलाय. मग ती खोकली.

मी घाईघाईने तिच्या आईचा नंबर लावला. पडद्यावर मुलीने मान खाली घातली. "बाई, तुमचाच फोन येतोय."

घरात फोन तो एकच. आई तो मुलीपाशी ठेवून अंधेरीला कामावर जात होती, आणि आई घरी असते असं मी धरून चालले होते.

गॅस बंद कर म्हणू, की त्याच्या जवळ जाऊ नको म्हणू? उभं राहता न येणारी आठ वर्षांची पोर. मी ओरडले, "बाळा, दाराकडे सरक! दार वाजव, जोरात हाका मार!"

ती गादीवरून खाली उतरली आणि दिसेनाशी झाली. टीव्हीवर फक्त गादी, वही आणि धूर. प्लास्टर लादीवर घासल्याचा आवाज आला, मग दारावर थापा. मग थापाही थांबल्या. तिला तिथून मीच हलवलं होतं आणि आता ती मला दिसत नव्हती.

शेजारच्या वर्गातल्या बाईंना पत्ता सांगितला, अग्निशमन दलाला फोन करायला लावला आणि पळत सुटले. हातातल्या मोबाइलवर तीच गादी. वाटेत चित्र थिजलं. नेटवर्क गेलं की तिकडे सगळंच संपलं, काही कळेना. रस्त्यात कोण दिसलं, कुणाला धक्का लागला, यातलं मला काही आठवत नाही.

चाळीत पोचले तेव्हा दार उघडं होतं. शेजारच्या कोकणातल्या आजींनी वरवंट्याने कुलूप फोडलं होतं. नाकाखाली काळं झालेली मुलगी त्यांच्या मांडीवर होती. "काय नाय झाला गो बाय," आजी म्हणाल्या, "डाळ जळली नि बाजूचा फडका पेटला. इझवला मी."

मी तिथेच खाली बसले. मुलगी माझ्याकडे बघत म्हणाली, "बाई, मी फोन आतच टाकून आले. रागावणार काय?" मी तिला जवळ ओढलं.

मागाहून बंब आला, बघून परत गेला. आई सात वाजता आली. सगळं ऐकून तिने मुलीला घट्ट धरलं, आणि मग माझ्याकडे वळली. "डाळ बारीक गॅसवर ठेवलेली, घाईत बंद करायची राहिली. पहिला आठवडा रजा काढली होती बाई. पुढे कोण देतंय? आधी तिला आजींकडे ठेवणार होते. पण म्हटलं, बाई आहेत ना. तुम्ही बघत होता ना तिला."

मी बघत होते, हे खरं होतं.

दुसऱ्या दिवसापासून ती दुपारी आजींकडे बसायला लागली. आजींचा नंबर मी लिहून घेतला. रेकॉर्ड केलेले धडे ती संध्याकाळी आईजवळ बसून ऐकायची. दोन महिने पुरे झाल्यावर कुबडी घेऊन वर्गात आली तेव्हा वाचनात इतरांच्या पुढे होती.

मुख्याध्यापिकांनी मला या प्रयोगाबद्दल इतर शाळांच्या शिक्षकांपुढे बोलायला सांगितलं. मी बोलले. त्या मंगळवारबद्दल मात्र एक शब्द काढला नाही. सांगितलं तर वरचे अधिकारी सगळं बंद करतील, अशी भीती होती. कार्यक्रम संपल्यावर दोन शिक्षिका माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "आम्हीपण उद्यापासून सुरू करतो." त्यांच्याही पडद्यापलीकडे एखादं पोर कुलपात एकटंच असेल, हे तेव्हा लक्षात आलं. मी जिन्यावरून त्यांच्या मागे धावले. पण खाली पोचेपर्यंत त्यांची रिक्षा निघून गेली होती.